आपण कोणीकडचे?

एस.टी.च्या बाकावर शेजारी कोणी येऊन बसले, लग्नाच्या मांडवात अनोळखी पाहुणा भेटला, बाजारात बैलाचा सौदा जमू लागला, की नावाच्याही आधी एक प्रश्न ठरलेला असतो : "कोणीकडचे आपण?" प्रश्न साधा. उत्तर देणाराही ते सहज देऊन टाकतो. पण त्या उत्तरात किती इतिहास भरलेला असतो, याचा विचार आपण क्वचितच करतो.

उदगीर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातला माणूस घ्या. उदगीरच्या बाजारात तो आपल्या खेड्याचे नाव सांगेल. लातूरला गेला की म्हणेल, "मी उदगीरकडचा." पुण्यात तो 'लातूरचा' होईल, समोरचा फार खोलात शिरणारा नसला तर नुसता 'मराठवाड्याचा'. दिल्लीत तो महाराष्ट्राचा आणि परदेशात भारताचा. माणूस एकच, घर एकच, उत्तरे मात्र पाच-सहा; आणि त्यांतले एकही खोटे नाही. ऐकणाऱ्याला जेवढे ठाऊक असेल तेवढ्याच मापाचे उत्तर आपण त्याला देतो. लांबच्या माणसाला मोठे नाव, जवळच्याला लहान नाव.

इथवर सारे सोपे आहे. घोटाळा पुढे होतो. ठिकाणाची नावे तीन वाटांनी येतात. काही नावे जमीन देते : डोंगर, नदी, खोरे. काही राज्यकर्ते देतात : सुभा, जिल्हा, प्रांत, राज्य. आणि काही नावे आपल्याला परके लोक ठेवतात. या तीन प्रकारच्या नावांची सरमिसळ झाली, की इतिहास चुकीचा वाचला जातो, सरकारी कागद अडतो आणि पुष्कळदा समोरचा माणूस विनाकारण दुखावतो. म्हणून ही नावे जरा निवडून पाहू.

प्रथम जमिनीने दिलेली नावे. सह्याद्रीची भिंत उत्तर-दक्षिण उभी आहे. तिच्या पश्चिमेला समुद्रापर्यंतची खालची पट्टी ती कोकण, आणि पूर्वेचा वरचा सपाट मुलूख तो देश. कोकणातला माणूस पुण्या-साताऱ्याकडे गेला की तो 'देशावर' गेला किंवा 'घाटावर' गेला असे म्हणतात. आणि देशावरचा माणूस कोकणात 'उतरतो'. नकाशा शिकलेल्या मुलाला 'वर' म्हणजे उत्तर आणि 'खाली' म्हणजे दक्षिण असे वाटते. आपल्या बोलीत मात्र वर म्हणजे चढ आणि खाली म्हणजे उतार. बैलगाडीने आणि पायी घाट चढलेल्या लोकांची ही भाषा आहे, आणि ती नकाशापेक्षा जुनी आहे.

देशावर आले की लोक नदीवरून मुलूख ओळखतात. पुणे जिल्ह्यात सह्याद्रीच्या कुशीतली खोरी ती मावळे; तिथला माणूस तो मावळा. शिवाजी महाराजांच्या सैन्याचे वर्णन करताना आपण 'मावळे' हा शब्द वापरतो, तो मुळात पलटणीचे नाव नव्हे, ठिकाणाचे नाव आहे. नदीकाठचा प्रदेश ती थडी. भीमथडी म्हणजे भीमेचा काठ. तिथली तट्टे मराठ्यांच्या घोडदळात प्रसिद्ध होती. गंगथडी म्हणजे गंगेचा काठ. पण कोणती गंगा? इथे पुष्कळ विद्यार्थी फसतात. मराठी माणसाची गंगा म्हणजे गोदावरी. नाशिकचे लोक गोदेवर स्नानाला जातात तेव्हा 'गंगेवर गेलो' म्हणतात. परभणी जिल्ह्यातले गंगाखेड गोदावरीच्या काठी आहे. तेव्हा पेशवाईतल्या एखाद्या कागदात फौज 'गंगातीरी' असल्याचे वाचले, तर लगेच काशी-प्रयागाकडे धाव घेऊ नये. आधी मागचे-पुढचे मुक्काम पाहावेत. पुष्कळदा ती फौज पैठण-नेवाशाच्या आसपास सापडते.

'देश' या शब्दाचेही असेच. पेशवाईच्या पत्रांत सरदार 'हिंदुस्थानात' जातात आणि पावसाळ्याआधी 'देशी' परततात. आजचा वाचक गोंधळतो. हा सरदार हिंदुस्थानच्या बाहेरचा होता की काय? तसे नव्हे. त्या काळच्या मराठी कागदांत हिंदुस्थान म्हणजे साधारणपणे नर्मदेच्या पलीकडचा उत्तरेकडचा मुलूख, आणि देश म्हणजे आपला दख्खनचा मुलूख. शब्द तोच राहिला, त्याचा व्याप बदलला. 'कर्नाटक' या नावाचीही तीच गोष्ट. शिवाजी महाराजांनी १६७७ साली कर्नाटकची मोहीम काढली आणि जिंजी घेतली, असे आपण वर्गात शिकवतो. चुणचुणीत मुलगा कर्नाटक राज्याच्या नकाशात जिंजी शोधू लागतो आणि ती काही केल्या सापडत नाही. सापडणार कशी? जिंजी आज तमिळनाडूत आहे. त्या वेळी कर्नाटक हे नाव पूर्व किनाऱ्याच्या बाजूच्या मुलखालाही लावीत असत. मुलाला हे सांगितले नाही, तर तो पुस्तक चुकले म्हणेल किंवा नकाशा चुकला म्हणेल. आणि दोन्ही बरोबर असूनही त्याचा दोन्हींवरचा विश्वास उडेल.

आता राज्यकर्त्यांनी दिलेली नावे. यात मोठी गंमत अशी, की सरकारने ठेवलेले नाव लोकांनी घेतलेच पाहिजे असे नाही, आणि सरकारने काढून टाकलेले नाव लोक सोडतीलच असेही नाही. खानदेशाचे उदाहरण याला फार चांगले आहे. बुऱ्हाणपूर ही फारुकी राजांची राजधानी. १६०१ साली अकबराने अशीरगड घेतला आणि ते राज्य संपले. आपला मुलगा दानियाल याच्या नावावरून अकबराने या सुभ्याचे नाव 'दानदेश' ठेवले. बादशहाचे फर्मान, अबुल फजलसारखा लेखणीचा धनी दप्तरात नोंद करणारा. पण लोकांच्या तोंडी खानदेशच राहिला. पुढे इंग्रजांनी १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. त्यांचेच पुढे जळगाव आणि धुळे झाले, आणि १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. खानदेश नावाचा जिल्हा आज कोणत्याही कचेरीत नाही. तरी अहिराणी बोलणाऱ्या माणसाला विचारा, तो छाती पुढे काढून सांगेल, "मी खानदेशी." आणि ज्या बुऱ्हाणपुराहून हे राज्य चालले, ते शहर आज मध्य प्रदेशात आहे!

वऱ्हाडाचा घोटाळा याच्या उलट आहे. खानदेशाचे नाव लोकांनी जपले. वऱ्हाडाचे नाव लोकांनी भलतीकडे ताणले. पुण्या-मुंबईकडे नागपूरचा माणूस आला की त्याला सर्रास 'वऱ्हाडी' म्हणतात. पण अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ हे वऱ्हाडचे चार जिल्हे. अलीकडे अकोल्यातून निघालेला वाशीम धरला तर पाच. हा निजामाचा मुलूख होता. १८५३ साली तो कंपनी सरकारच्या ताब्यात गेला, आणि १९०३ साली कारभारासाठी मध्य प्रांताला जोडला गेला. नागपूरची कहाणी अगदी वेगळी. तिथे भोसल्यांचे राज्य होते आणि ते १८५४ साली डलहौसीने खालसा केले. त्याच्याही पूर्वेला वैनगंगेच्या बाजूला झाडीपट्टी. तिथला माणूस स्वतःला झाडीचा म्हणवतो, त्याची बोली झाडी, त्याची नाटके झाडीपट्टीची. या तिघांना मिळून 'विदर्भ' हे नाव शोभते, आणि ते रुक्मिणी-दमयंतीच्या कथांइतके जुने आहे. पण तिघांनाही 'वऱ्हाडी' म्हणणे म्हणजे सातारकराला रत्नागिरीकर म्हणण्यासारखे आहे.

मराठवाड्याकडे वळले की आणखी एक शब्द भेटतो : मोगलाई. नगर-सोलापूरकडचे म्हातारे लोक निजामाच्या हद्दीतल्या गावांना मोगलाईतली गावे म्हणत. वास्तविक दिल्लीची मोगल बादशाही केव्हाच निस्तेज झाली होती. पण पहिला निजाम हा मोगल बादशहाचा दख्खनचा सुभेदार. १७२४ नंतर तो जवळजवळ स्वतंत्र झाला, तरी लोकांच्या तोंडी त्याचा मुलूख मोगलाईच राहिला, तो थेट १९४८ सालच्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात सामील होईपर्यंत. शब्दाने पुढे आणखी एक वळण घेतले. कोणी मनमानी केली की आपण सहज म्हणतो, "मोगलाई लागून गेली काय?" आपण हे निजामाच्या कारभाराविषयी म्हणत असू किंवा कोणाविषयीच म्हणत नसू. पण ज्यांचे वाडवडील त्या 'मोगलाईत' राहिले, नांगर हाकीत राहिले आणि शेवटी तिच्याविरुद्ध लढलेही, त्यांच्या नातवाच्या कानाला तो शब्द कसा लागत असेल, याचाही विचार व्हावा.

राज्यकर्त्यांच्या नावांचा खरा चमत्कार पाहायचा असेल तर पुन्हा आपल्या उदगीरच्या माणसाकडे चला. त्याच्या आजोबांना १९५० साली कोणी विचारले असते तर ते म्हणाले असते : तालुका उदगीर, जिल्हा बिदर, हैदराबाद राज्य. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. बिदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण त्यातले उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके उस्मानाबाद जिल्ह्याला जोडून मुंबई राज्यात आले. १ मे १९६० रोजी तेच महाराष्ट्र राज्य झाले. १९८२ साली उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा निघाला. घराचा उंबरठा हलला नाही, विहीर हलली नाही, वेशीवरचा मारुती हलला नाही. पण पत्ता तीन वेळा बदलला. आणि ज्या उस्मानाबादचे नाव त्यांच्या जुन्या कागदांवर आहे, तो जिल्हाही २०२३ पासून धाराशिव झाला.

दक्षिणेकडे बेळगाव आणि चंदगड पाहा. १९५६ पर्यंत चंदगड हा बेळगाव जिल्ह्यातलाच एक तालुका होता. पुनर्रचनेच्या कायद्याने चंदगड तेवढा मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. बाकीचा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्या राज्याचे नाव १९७३ साली कर्नाटक झाले, आणि शहराचे अधिकृत नाव २०१४ साली बेळगावी. एकाच बाजाराला जाणाऱ्या दोन गावांतले दोन सोयरे कायद्याच्या एका ओळीने दोन राज्यांचे झाले. त्यावरचा वाद काय आहे, तो आपण जाणताच, आणि त्यात शिरण्याची ही जागा नव्हे. इतकेच ध्यानात घ्यावे, की अशा माणसाला "तुम्ही कुठले?" असे विचारले आणि तो क्षणभर थांबला, तर त्याचा भूगोल कच्चा आहे असे समजू नये.

हे सगळे इतिहासाच्या हौशी लोकांपुरते आहे असे कोणाला वाटेल. तसे नाही. जातीच्या दाखल्याची पडताळणी करताना कुटुंबाचे जुने वास्तव्य कुठले ते दाखवावे लागते : अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचे, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचे, आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे. आता मुलाच्या अर्जावर जिल्हा लातूर आणि पणजोबांच्या कागदावर जिल्हा बिदर असे दिसले, की घरचे लोक घाबरतात. हा कागद आपला नव्हेच असे त्यांना वाटते, आणि कधी कधी तर ते तो बाजूलाच टाकून देतात. गाव तेच आहे, वरची चौकट तेवढी बदलली, हे समजावून सांगणारा कोणी जवळ असला तर एका घराचे काम होते. खेड्यात तो बहुधा शाळेचा मास्तरच असतो.

बरे, नाव बदलल्यामुळे जसा घोटाळा होतो, तसा नाव एकच असल्यामुळेही होतो. आपल्या गावांची नावे वड, पिंपळ, आंबा, बोर यांवरून पडलेली. आणि ही झाडे कोणत्या शिवारात नाहीत? म्हणून वडगावे आणि पिंपळगावे जागोजागी. मग लोकांनीच त्यांना शेपट्या जोडल्या. वडगाव मावळ, पेठ वडगाव, वडगाव शेरी. जवळजवळची दोन गावे एकाच नावाची असली तर एक बुद्रुक आणि दुसरे खुर्द. हे दोन्ही शब्द फारसीतून आले : बुजुर्ग म्हणजे थोरले आणि खुर्द म्हणजे धाकटे. शिरूरची तर केवढी पंगत आहे! पुणे जिल्ह्यात घोडनदीचे शिरूर, बीड जिल्ह्यात शिरूर कासार, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद. कर्जत रायगड जिल्ह्यात आहे आणि नगर जिल्ह्यातही, ज्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. खेड रत्नागिरीत आहे आणि पुण्यातही होते. पुण्याच्या खेडला हुतात्मा राजगुरूंच्या नावावरून आता राजगुरुनगर म्हणतात.

पूर्वीचा कारकून यावर उपाय म्हणून लांबलचक पत्ता लिही : मौजे अमुक, तर्फ तमुक, परगणा अमका, सुभा तमका. आज आपण पत्रावर 'मु. पो. ता. जि.' लिहितो, ती त्याच पद्धतीची धाकटी बहीण. त्यानेही भागेना, म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकड्यांचा पिन कोड आला. तो ज्यांच्या पुढाकाराने आला ते टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतचे कवीही होते. नावांच्या जंगलात आकड्यांची पाऊलवाट पाडायला शब्दांचाच एक उपासक पुढे यावा, हे मला मोठे गोड वाटते.

पत्राला पिन कोड असतो, इतिहासाला नसतो. म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, पुढील तीन नावे वर्गात जरा सांभाळून शिकवावीत. पहिले आष्टी. बापू गोखले ज्या आष्टीच्या लढाईत फेब्रुवारी १८१८ मध्ये पडले, ती आष्टी सोलापूर जिल्ह्यातली. १९४२ च्या ऑगस्टमध्ये जिथे लोकांनी पोलिसांच्या गोळ्या झेलल्या, ती आष्टी वर्धा जिल्ह्यातली. आणि बीड जिल्ह्यातली आष्टी तिसरीच. दुसरे खडकी. पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ रोजी झाली ती पुण्याजवळच्या खडकीला. पण मलिक अंबरने १६१० साली वसवलेली खडकी म्हणजे पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. तिसरे कल्याण. कल्याणीच्या चालुक्यांचे कल्याण ठाणे जिल्ह्यातले नव्हे, ते बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत हे चालुक्य रेल्वेच्या जंक्शनात येऊन राज्य करताना दरवर्षी सापडतात.

ठिकाणावरून माणसाकडे येऊ. आपल्याकडे 'कर' लावून गावावरून आडनाव करण्याची रीत आहे. जुन्नरकर, सातारकर, नगरकर. यात एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. जुन्नरमध्ये राहणाऱ्याला जुन्नरकर म्हणण्यात काय हशील? तिथे सारेच जुन्नरकर. हे आडनाव उपयोगी पडते ते गाव सोडल्यावर. म्हणजे 'कर' हा शेवट बहुधा आपण कुठे राहतो ते सांगत नाही, वाडवडील कुठून निघाले ते सांगतो. दीनानाथ मंगेशकरांचे आडनाव गोव्यातल्या मंगेशी गावावरून आले. ते नाव साऱ्या जगाच्या कानी गेले ते मंगेशीच्या बाहेरून.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण तर प्रत्येक शाळेत सांगण्यासारखे आहे. त्यांच्या आडनावात रत्नागिरी जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे मूळ गाव आहे. त्यांचा जन्म मात्र १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला, कारण वडील सैन्यात होते. ते महू आज मध्य प्रदेशात आहे. बालपणाची काही वर्षे साताऱ्यात गेली, पुढचे शिक्षण मुंबईत झाले, आणि दादरला त्यांनी 'राजगृह' बांधले. मग बाबासाहेब कुठले? कोकणातले, महूचे, साताऱ्याचे की मुंबईचे? चारही उत्तरे आपापल्या जागी खरी आहेत. मूळ गाव, जन्मगाव, शिक्षणाचे गाव आणि कर्मभूमी ही चार वेगळी ठिकाणे असू शकतात, एवढे ज्याला कळले त्याचा निम्मा घोटाळा मिटला.

आणि हे थोरामोठ्यांपुरते नाही. बीड जिल्ह्यातली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे किंवा त्याही पलीकडे जातात. एखाद्या पोराचा जन्म तिकडे कारखान्याच्या तळावर, कोपीत होतो. त्याचे जन्मगाव एका जिल्ह्यात, मूळ गाव दुसऱ्या, आणि शाळा कधी इथली तर कधी तिथली. फिरस्त्या जमातींच्या मुलांचे तर विचारूच नका. त्यांना गावाचे नाव विचारले की ती आईकडे पाहतात. शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मस्थळाचा रकाना असतो. तो घाईत भरला, गावाचे नाव नुसते 'शिरूर' लिहून मोकळे झाले, तर पंधरा वर्षांनी त्या मुलाला किती उंबरे झिजवावे लागतील ते सांगता येत नाही. गाव, तालुका, जिल्हा, राज्य : चार शब्द जास्त लिहायला अर्धे मिनिटही लागत नाही.

शेवटी परक्यांनी ठेवलेल्या नावांविषयी. मराठी माणूस बडोद्याला किंवा ग्वाल्हेरीस गेला की तिथले लोक त्याला 'दक्षिणी' म्हणत. तो स्वतःला कधीच दक्षिणी समजत नव्हता. पण त्यांच्या घरापासून तो दक्षिणेचा. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात कोकणातली कितीतरी माणसे मजुरीच्या करारावर मॉरिशसला गेली. तिथे त्यांची ओळख मुंबईवाले अशी झाली, कारण गलबत मुंबई बंदरातून सुटले होते. रत्नागिरीचा शेतकरी, मुंबईत चार रात्री काढलेला, कायमचा मुंबईचा ठरला!

अशी नावे दुरून येतात तेव्हा आपण हसतो. जवळून येतात तेव्हा ती बोचतात. मुंबईच्या गिरण्यांत घाटावरून गेलेला सातारकडचा कामगार 'घाटी' ठरला. शब्दाचा अर्थ सरळ आहे : घाटावरचा. पण शहराने तो असा उच्चारला, की त्यात अडाणी, गावंढळ हे अर्थ आपोआप मिसळले. हे आठवले म्हणजे आपण स्वतः काय करतो तेही पाहावे. तमिळ, तेलुगू, कानडी, मल्याळी या चार भाषांच्या लोकांना आपण एका दमात 'मद्रासी' म्हणून मोकळे होतो. मद्रास इलाख्यातून तेलुगू भाषकांचे आंध्र राज्य १९५३ साली वेगळे झाले, उरलेल्या मद्रास राज्याचेही नाव १९६९ साली तमिळनाडू झाले, शहराचे चेन्नई होऊनही वर्षे लोटली. आपल्या तोंडचा 'मद्रासी' मात्र तसाच आहे. उत्तरेचा प्रत्येक माणूस आपल्याला 'भैया' आणि राजस्थानचा प्रत्येक व्यापारी 'मारवाडी'. सगळ्या मराठी मुलखाला कोणी 'घाटी' म्हटले तर आपल्याला जे वाटेल, तेच त्यांनाही वाटत असणार.

तेव्हा करायचे काय? फार काही नाही. कोणी आपले ठिकाण सांगितले आणि नाव ओळखीचे नसले, तर 'म्हणजे तिकडचे होय!' असे म्हणून आपल्या सोयीच्या मोठ्या नावाखाली त्याला ढकलू नये. "ते कोणत्या नदीवर आले? बाजार कुठला?" असे विचारावे. माणूस खुलतो, आणि आपल्या ज्ञानात भर पडते. इतिहासात गावाचे नाव आले की "कोणत्या काळातले? कोणत्या बाजूचे?" हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आणि शाळांसाठी एक काम सुचवतो. आपल्या गावाचे एक पान लिहून काढावे. गावाचे कागदोपत्री नाव काय, लोक काय म्हणतात; पूर्वी ते कोणत्या संस्थानात, कोणत्या परगण्यात होते; १९५६ च्या आधी जिल्हा कोणता, राज्य कोणते; तालुका केव्हा बदलला; नदी कोणती, जुना बाजार कोणता, सोयरीक कोणत्या बाजूला. निम्मी माहिती तलाठ्याच्या दप्तरात आणि शाळेच्या जुन्या रजिस्टरात मिळेल. उरलेली निम्मी गावातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी आहे, आणि ती आज आहेत तोवरच विचारून घेतली पाहिजे. मुलांनी घरोघरी जाऊन हे विचारावे, मास्तरांनी ते ताडून पाहावे, आणि ते पान शाळेच्या भिंतीवर लावावे.

मग त्या शाळेतले मूल उद्या कुठेही गेले, कोणत्याही कचेरीत उभे राहिले, आणि कोणी त्याला विचारले, "कोणीकडचा रे तू?" तर त्याला आईच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही.